चौदा गोळ्या आणि चमचाभर मुरांबा

माझा मुलगा रादिशा ऑगस्टच्या सुट्टीत घरी आला आणि माझ्याच अंगणात, माझ्याच टेबलाशी बसून त्याने मला घर सोडण्याची तारीख सांगितली.

"आई, यंदाचा संत लूकाचा दिवस या घरातला शेवटचा. तो झाला की घराला कुलूप लावायचं आणि तू आमच्याबरोबर व्हिएन्नाला यायचंस."

"तुमच्या घरी?"

रादिशाने टोमॅटोच्या फोडीत काटा खुपसला आणि तो तिथेच ठेवला. उत्तर सूनबाईने, बिल्यानाने दिलं. "घराजवळच, आई. फार छान जागा आहे. बाग आहे, चॅपेल आहे, आणि तिथल्या दोन नर्स आपली भाषा बोलतात."

"म्हणजे वृद्धाश्रम."

"निवास म्हणतात त्याला."

"सूनबाई, सहकारी दूध केंद्रावर मी एकतीस वर्षं दूध तपासलंय. पाण्याला दूध म्हटलेलं मला कळतं."

ती उठून ताटल्या आवरू लागली. रादिशा मान खाली घालून म्हणाला, "गेल्या वर्षी सगळ्या गावाने पाहिलं, आई. मी काय करू? तुला इथे एकटी पडू देऊ?"

गेल्या वर्षी काय झालं ते मी लपवत नाही. आमच्या प्रत्येक घराचा एक संत असतो. आमच्या घराचा संत लूका. त्याचा दिवस ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला. त्या दिवशी कोणालाही आमंत्रण द्यायचं नसतं. ज्यांना यायचं असतं ते येतात, आणि दार दिवसभर उघडं राहतं. पाहुण्याला दारातच साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा एक चमचा द्यायचा. पाद्री आले की सणाचा गोल पाव कापायचा, उंच मेणबत्ती लावायची. आणि घराचा जो कर्ता असेल त्याने दिवसभर उभं राहायचं. पाहुणे बसतात, कर्ता बसत नाही. माझे यजमान स्वेतोझार अकरा वर्षांपूर्वी गेले. मुलगा परदेशात. तेव्हापासून उभी मी राहते.

गेल्या वर्षी अकराच्या सुमारास पाद्री तिहोमिर दारात आले आणि मी त्यांना म्हणाले, "स्वेतोझार, चिखलाचे बूट बाहेर काढ." मृत नवऱ्याच्या नावाने मी पाद्र्यांना दटावलं. मग गव्हात साखर समजून मूठभर मीठ घातलं. पहिला चमचा सरपंचांनी खाल्ला आणि सभ्यपणे गिळला. आणि मग मी बसले. भर घरात, साठ माणसांसमोर, अंगाला दरदरून घाम सुटलेली मी खुर्चीत बसले आणि मला उठता येईना. कोणीतरी मला पलंगावर निजवलं. संध्याकाळी जेवण झाल्यावर मी ठणठणीत होते, पण तोवर गावाने निकाल दिला होता. विदोसावाचं, म्हणजे माझं, डोकं गेलं.

त्यानंतरचा हिवाळा असाच गेला. कधी चुलीवर रिकामं पातेलं ठेवलेलं, कधी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडं. ईस्टरला रादिशा आला आणि मला खालच्या शहरातल्या आरोग्य केंद्रात घेऊन गेला. रक्त तपासायचं होतं म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. गोळ्या मात्र मी घेतल्या होत्या, कारण गोळी म्हणजे काही अन्न नव्हे. रक्त दिलं आणि डॉक्टरांच्या दारासमोर अकरा वाजेपर्यंत बाकावर बसले. मग डॉक्टर नेवेना यांनी कागद पुढे केला. "आजी, एक घड्याळ काढा. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मी काढलेलं घड्याळ मला नंतर दाखवण्यात आलं. बाराही आकडे एका बाजूला, वादळात कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा झालेल्या मेंढ्यांसारखे. काटा एकच. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची शंका लिहिली आणि आठवणीसाठी एक गोळी सुरू केली. त्या गोळीने पोट बिघडलं, म्हणून पोटासाठी आणखी एक आली. अशा रीतीने माझ्या गोळ्या दिवसाला चौदा झाल्या.

चौदा! मी त्या लोण्याच्या जुन्या डब्यात ठेवत असे आणि न चुकता घेत असे. साखरेच्या तीन, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या मिळून चार, चरबीची एक, पायांच्या मुंग्यांची एक, आठवणीची, पोटाची. शेजारीण झिवाना हिने प्रेमाने दिलेली झोपेची. आणि दोन रादिशाने व्हिएन्नाहून आणलेल्या.

व्हिएन्नाच्या पिशवीविषयी बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे ती घराघरात आहे. आमच्या गावातली निम्मी घरं तीन मजली आहेत, फाटकावर दगडी सिंह आहेत, आणि आत राहणारं कोणी नाही. मुलं ऑस्ट्रियात फरशा बसवतात आणि ऑगस्टमध्ये येतात. येताना म्हाताऱ्यांसाठी पिशवीभर औषधं आणतात. तिकडची गोळी इकडच्या गोळीपेक्षा चांगली, यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. ती नाकारणं म्हणजे मुलाचे कष्ट नाकारणं. आणि इथल्या डॉक्टरने दिलेली गोळी बंद करणं म्हणजे डॉक्टरचा अपमान. म्हणून आमची पिढी दोन्ही घेते आणि एकाला दुसऱ्याबद्दल सांगत नाही. मीही तेच केलं. इतरांचं दूध तपासताना पृष्ठभागावर तरंगणारा केससुद्धा मला दिसत असे. स्वतःच्या डब्यात मी डोकावून पाहिलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी कोणाला वाटून देत नाही.

रादिशा तारीख सांगून परत गेला. सप्टेंबर आला, मिरच्यांचा महिना. हिवाळ्याची चटणी करायला प्रत्येक अंगणात मोठ्या, ढोबळ्या लाल मिरच्या भाजल्या जातात आणि सगळं गाव धुराच्या गोड वासाने भरून जातं. एके दिवशी सकाळी दहा वाजता मी आणि झिवाना मिरच्या सोलत बसलो होतो. झिवाना माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, जीभ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण.

"विदा, अगं काय करतेस? सालं पातेल्यात आणि मिरच्या कोंबड्यांना!"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं नाव मला आठवेना. साठ वर्षांपासूनची शेजारीण. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पाय माझे नव्हते. मी बाकावरून एका कुशीवर कलंडले.

झिवानाने डॉक्टरला फोन केला नाही, रादिशाला केला नाही. तिने ते केलं जे आमच्याकडे दारात आलेल्या कोणाही पाहुण्यासाठी करतात. आत जाऊन आंबट चेरीच्या मुरांब्याची बरणी आणि पाण्याचा पेला आणला आणि एक मोठा चमचा माझ्या तोंडात घातला.

"गीळ. गीळ म्हणते ना! मेलीस तर या मिरच्या मी एकटी सोलणार आहे का?"

साखरेचा आजार निघाल्यापासून, नऊ वर्षांत मी त्या मुरांब्याला जीभ लावली नव्हती. दरवर्षी करत होते, पाहुण्यांना देत होते, स्वतः खात नव्हते. दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. दहा मिनिटांनी मला झिवानाचं नाव आठवलं, तिच्या आईचं आठवलं, आणि तिने एकोणीसशे बहात्तर साली माझ्याकडून नेलेली तांब्याची कढईही आठवली.

"कढई कुठे आहे ग माझी?"

"आली शुद्धीवर," झिवाना म्हणाली. "साखर असलेल्या बाईला मुरांबा चारला म्हणून मला तुरुंगात टाकतील आता."

मी उठून बसले आणि विचार करू लागले. दुधात काही मिसळलंय असा संशय आला की मी आरडाओरडा करत नसे; पुन्हा तपासत असे. म्हातारपणाने गेलेलं डोकं चमचाभर मुरांब्याने परत येत नाही. जे मुरांब्याने परत आलं ते डोकं गेलेलंच नव्हतं. त्याला उपाशी ठेवलं होतं, इतकंच.

आरोग्य केंद्राने दिलेलं साखर मोजायचं यंत्र कपाटात होतं. मी त्यावर फक्त पहाटे उठल्या उठल्या मोजत असे, कारण तसंच सांगितलं होतं, आणि तो आकडा नेहमी चांगला येई. दुसऱ्या दिवसापासून मी दर दोन तासांनी बोट टोचलं. आमच्या यंत्रावर आकडा चारच्या खाली गेला की धोका. पहाटे सहा पूर्णांक नऊ. कॉफी, एक टोस्ट आणि गोळ्या. आठ वाजता पाच. दहा वाजता तीन पूर्णांक एक. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोन पूर्णांक आठ. तिसऱ्या दिवशी तीन. प्रत्येक वेळी मुरांबा, आणि अर्ध्या तासात आकडा पुन्हा वर. मला वेड लागत होतं ते फक्त सकाळी दहा ते बारा. असला वक्तशीर वेडेपणा मी कुठे पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी मी लोण्याचा डबा, सगळी खोकी, सगळी पाकिटं पीठ मळायच्या परातीत भरली, त्यावर फडकं बांधलं आणि शहराची बस पकडली. डॉक्टरांची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळत होती. औषधाच्या दुकानाला वेळ मागावी लागत नाही. तिथे स्पोमेंका असते, आमच्याच गावच्या दिमित्रीयेची मुलगी, पन्नाशीची, चष्मा केसांवर सरकवलेली.

मी परात काउंटरवर ठेवली. मागे पाच-सहा माणसं उभी होती.

"विदाकाकू, हे काय? पाव भाजायला आणलात का?"

"हे सगळं माझ्या पोटात जातं. मला सांग यात काय आहे."

"काकू, रांग आहे. दुपारी याल का?"

"स्पोमेंका, तुझ्या बापाने एकोणीसशे ऐंशीत तीन आठवडे दुधात पाणी घातलं होतं. मी ते पकडलं आणि गावासमोर बोलले नाही. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. आज तू मला बाजूला घे."

रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. स्पोमेंकाचे कान लाल झाले. तिने मदतनीस बाईला काउंटर दिला, परात उचलली आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एकेक खोकं टेबलावर मांडलं. नावं वाचताना तिचे ओठ हलत होते. मग ती थांबली. तिने आमच्याकडची साखरेची पांढरी-निळी खोकी आणि व्हिएन्नाची हिरवी खोकी शेजारी शेजारी ठेवली.

"ही हिरवी कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून. रादिशा आणतो."

"आणि ही निळी?"

"ती सात वर्षं. डॉक्टर देतात."

"दोन्ही रोज?"

"रोज. सकाळी."

तिने दोन्ही खोकी माझ्यासमोर धरली आणि मोठ्या नावाखालच्या बारीक अक्षरांवर नख ठेवलं. "वाचा, काकू."

मी वाचलं. ग्लिमेपिराइड. दुसऱ्यावर वाचलं. ग्लिमेपिराइड.

"कंपन्या वेगळ्या, रंग वेगळा. औषध तेच," ती म्हणाली. "तुम्ही दुप्पट घेताय. ही गोळी शरीरातून इन्सुलिन बाहेर ढकलते, तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही. तुम्ही काय खाता सकाळी?"

"कॉफी. टोस्ट."

"देवा! आणि तुमच्या वयात मूत्रपिंड औषध हळू बाहेर टाकतं, म्हणजे ते अंगात रेंगाळणार." तिने हृदयाच्या गोळ्यांमधलं एक पाकीट उचललं. "ही चांगली आहे, तुम्हाला लागते. पण साखर पडली की हात थरथरतात, छाती धडधडते, ती धोक्याची घंटा असते. ही गोळी ती घंटाच गुंडाळून ठेवते. घाम तेवढा येत असेल."

"दरदरून."

"आणि हा घाम कोणाला सांगितलात?"

मग मी सगळी खोकी परातीत ढकलली. "चूल पेटलेली आहे घरी. चौदाच्या चौदा जाळते."

स्पोमेंकाने परातीची दुसरी कड घट्ट धरली. काउंटरवर लाजलेली ती मुलगी आता उरली नव्हती. "नाही, काकू. हे करायचं नाही. हृदयाची गोळी एकदम सोडलीत तर हृदय उलट जास्तच धडधडेल. झोपेचीसुद्धा एका दिवसात सुटत नाही. हिरवी आजपासून घेऊ नका, ते मी जबाबदारीने सांगते. बाकी डॉक्टर ठरवतील. मी आत्ता फोन करते."

"वेळ दोन आठवड्यांनंतरची आहे."

"उद्याची होईल," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला प्रथमच दिमित्रीयेची जिद्द ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नेवेना यांच्या टेबलावर मी परात ठेवली. त्या पस्तिशीच्या, सडपातळ, थकलेल्या. एका दिवसात साठ माणसं बघतात. स्पोमेंकाने लिहिलेली यादी त्यांनी दोनदा वाचली, मग माझे आकडे वाचले.

"आजी, व्हिएन्नाच्या गोळीबद्दल तुम्ही मला कधीच बोलला नाहीत."

"तू विचारलंस का?"

"विचारलं होतं. प्रत्येक वेळी विचारते, 'आणखी काही घेता का?' तुम्ही म्हणालात, 'देवाचं नाव.'"

हे खरं होतं. मी तसं म्हणाले होते आणि मला ते वाक्य आवडलंही होतं.

"मी चुकले," मी म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात फार वेळा उच्चारलेला नाही. त्या दिवशी तो घशातून पाय ओढत बाहेर आला. "पण तूही चुकलीस, डॉक्टरबाई. तू मला उपाशीपोटी अकरा वाजता घड्याळ काढायला लावलंस. त्या क्षणी माझी साखर मोजली होतीस?"

त्यांनी जुनी नोंद उघडली. "नाही. रक्त आठ वाजता घेतलं होतं. चाचणीच्या वेळी मोजली नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "मोजायला हवी होती."

मला ती बाई त्या क्षणी आवडली.

आम्ही दोघी एकेक खोकं हातात घेत दीड तास बसलो. बाहेर रांग कुरकुरत होती. मी दार उघडून तिला एकदा गप्प केलं. हिरवी बंद. निळी आधी अर्धी, मग दोन आठवडे आकडे बघून तीही बंद. माझ्या वयाला साखर फार खाली दाबून ठेवायची गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. व्हिएन्नाची दुसरी गोळी, जीवनसत्त्वांची, तीही बंद. झोपेची हळूहळू कमी. आठवणीची थांबवून पाहायची, आणि ती थांबली की पोटाची लागते का ते बघायचं. बाकीच्या राहतील. मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. आणि सकाळी कॉफीवर भागवायचं नाही. अंडी, चीज, पाव.

"आणि घड्याळ?" मी विचारलं.

"घड्याळ पुन्हा काढू. पाच आठवड्यांनी. जेवून या."

पाच आठवड्यांनी मी जेवून गेले. त्यांनी आधी बोट टोचलं, सात पूर्णांक दोन, आणि मग कागद दिला. अकरा वाजून दहा मिनिटं. मी वर्तुळ काढलं, बारा आकडे आपापल्या घरी बसवले, लहान काटा, मोठा काटा.

"हवा असेल तर सेकंदाचा काटाही काढते. तोही चालू आहे."

डॉक्टर हसल्या. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते मी उलट्या क्रमाने म्हणून दाखवले. उलटे कोणी मागितले नव्हते. त्यांनी कागदावर लिहिलं की ईस्टरचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. "आजी, पुढे कधीच विसरणार नाही असं यात लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं वय एक्याऐंशी आहे."

"माहीत आहे. माझ्या जन्माला मी हजर होते."

रादिशा एकोणतीस ऑक्टोबरला आला, बिल्यानासह. गाडीच्या मागच्या भागात पुठ्ठ्याची घडी केलेली खोकी होती, माझी भांडी भरण्यासाठी. हातात नेहमीची पिशवी. त्याने ती टेबलावर ठेवली आणि माझ्या गालांचं चुंबन घेतलं, तीन वेळा.

मी त्याला काहीच फोनवर सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी तोंडावर सांगायच्या असतात. मी त्याला बसवलं, सूप वाढलं, त्याने ते संपवेपर्यंत थांबले, आणि मग हिरवी आणि निळी खोकी त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

"बारीक अक्षरं वाच."

त्याने वाचलं. मग डॉक्टरांचा कागद वाचला. माझा मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली नऊ माणसं काम करतात. त्याचा चेहरा पडला.

"मी तुझी निळी पाकिटं तिथल्या डॉक्टरला दाखवली होती," तो म्हणाला. "हेच लिहून द्या म्हणालो, तुमच्याकडचं. मला वाटलं, तू इकडची टाकून देशील."

"तू तसं सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही."

"मी तुला वर्षभर..." त्याने बाहीने डोळे पुसले. बिल्यानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडायचं असेल तर अंगणात जा," मी म्हणाले. "इथे पीठ मळायचं आहे. तू प्रेमाने आणलंस, मी मानाने घेतलं, आणि दोघांनी मिळून मला जवळजवळ पुरलं. संपलं. आता ती पिशवी उघड."

पिशवीत हिरवी खोकी होती, चार महिन्यांची. शिवाय गुडघ्यांसाठी काहीतरी नवीन, आणि बिल्यानाच्या मैत्रिणीने आवर्जून दिलेली काळ्या मिरीएवढ्या गोळ्यांची एक बाटली.

"हे साधं झाडपाल्याचं आहे, आई," बिल्याना म्हणाली. "त्याने काही अपाय नाही."

"झाडपाल्यानेच मेंढ्या फुगून मरतात, सूनबाई. उद्या स्पोमेंकाकडे ने. ती हो म्हणाली तर डॉक्टरांना विचारू. माझ्या तोंडापर्यंत येणाऱ्या वस्तूला आता दोन दारं आहेत."

बिल्यानाने पिशवी बंद केली. मग, आमच्या पंचवीस वर्षांत प्रथमच, ती मला म्हणाली, "माझ्या आईलाही अकरा आहेत. मी तिची यादी पाठवू का त्या बाईंना?"

"आजच पाठव."

एकतीस तारखेला मी पहाटे उठले. गहू शिजला होता, पाव फुगला होता. पाद्री पाव कापेपर्यंत कर्त्याने उपाशी राहावं, अशी आमच्या घरची रीत. स्वेतोझारने कधी मोडली नाही, मीही नाही. त्या दिवशी मी चुलीजवळ उभी राहून दोन अंडी, चीज आणि पावाचा जाड काप खाल्ला. रादिशा गळ्यातला टाय बांधत आत आला आणि दारातच थबकला.

"आई! पाव कापायच्या आधी?"

"संत लूका स्वतः वैद्य होता. त्याला समजेल. नाही समजलं तर वर गेल्यावर मी समजावेन."

आठ गोळ्या आहेत आता माझ्या. त्यातल्या सकाळच्या मी त्याच्यासमोर घेतल्या.

नऊपासून लोक येऊ लागले. झिवाना पहिली, कढई घेऊन. सरपंचांनी गव्हाचा चमचा तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबवला, मी म्हणाले, "गोड आहे, खा." पाद्री तिहोमिर आले आणि दारातच बूट पुसत म्हणाले, "आज मी कोण?" सगळे हसले, मीही. मेणबत्ती रादिशाने लावली. ते त्याचं काम आहे आणि अकरा वर्षं त्याची वाट पाहत होतं. मी पावावर हात ठेवून उभी होते. त्यानंतरही उभीच होते, टेबलाच्या वरच्या टोकाशी, आणि गावातली प्रत्येक नजर माझ्या गुडघ्यांवर होती. अकरा वाजले. रादिशा घड्याळाकडे बघत होता, मग माझ्याकडे. शेवटी त्याला राहवलं नाही. तो यंत्र घेऊन आला, हळूच, कोटाआड लपवून.

"लपवतोस काय? दारू आहे का ती?" मी सगळ्यांसमोर बोट पुढे केलं. "टोच."

सरपंचांनी राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला खाली ठेवला. यंत्राने टुक्‌ केलं.

"सात पूर्णांक चार," रादिशा म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

"मोठ्याने सांग. झिवानाला ऐकू येत नाही."

"मला येतं ग," झिवाना ओरडली. "सात पूर्णांक चार! वाढा सूप!"

सूप वाढलं, कोबीचे रोल वाढले, भाजलेलं डुक्कर वाढलं. दुपारी पाहुण्यांची दुसरी खेप यायच्या आधी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. रादिशा हलक्या आवाजात म्हणाला, "गाडीतली खोकी मी खुराड्यामागे टाकतो. पण आई, एक विचारू? उद्या तू खरंच विसरायला लागलीस तर?"

त्याने प्रश्न सरळ विचारला, म्हणून मी उत्तर सरळ दिलं.

"तर नेशील मला. मी भांडणार नाही. पण त्या दिवशी आधी माझं बोट टोचायचं. मग माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून त्यांची बारीक अक्षरं वाचायची, व्हिएन्नाचीही आणि इथलीही. मग मला पोटभर जेवायला घालायचं आणि त्यानंतर विचारायचं की तू कोण. एवढं करूनही मी तुला ओळखलं नाही, तर गाडी काढ."

"आणि ओळखलंस तर?"

"तर त्या दिवशीही भांडी तूच घासायची. चाळीस ताटल्या पडल्या आहेत, लाग कामाला."

रादिशाने व्हिएन्नाचा कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पाणी तापायला ठेवलं. बाहेर फाटकाशी गाड्या थांबत होत्या. मी एप्रन सारखा केला आणि गव्हाचं भांडं उचललं.